पेशंट अचानक बरळायला लागला तर: वॉर्डात नव्याने रुजू झालेल्या डॉक्टरांसाठी

रात्री अडीचला फोन येतो. "डॉक्टर, बारा नंबरचे आजोबा ऐकत नाहीयेत. सलाईन ओढून काढलंय, पलंगावरून उतरायला बघतायत. झोपेचं काही लिहून देता का?"

नोकरीच्या पहिल्या वर्षी असा फोन आला तेव्हा मी फोनवरच लोराझेपाम सांगितलं आणि पुन्हा आडवी झाले. सकाळी राउंडला सिनियर डॉक्टरांनी आजोबांच्या ओटीपोटावर हात ठेवला. मूत्राशय बेंबीपर्यंत टम्म फुगलेलं होतं. कॅथेटर घातल्यावर लिटरभराहून जास्त लघवी निघाली. रात्रभर त्या माणसाला असह्य कळ लागली होती, ती सांगायला त्याच्याकडे शब्द उरले नव्हते, आणि जे थोडं भान शिल्लक होतं ते मी इंजेक्शनने घालवलं होतं. ती चूक तुमच्या हातून होऊ नये म्हणून मी हे लिहिते आहे.

या अवस्थेला डिलिरियम म्हणतात. घरचे लोक म्हणतात, "बाबा भ्रमिष्टासारखं करतायत", "वातात बरळतायत". तासाभरात किंवा दोन-चार दिवसांत मेंदूचं काम बिघडतं, लक्ष एका जागी राहत नाही, आणि कारण बहुतेक वेळा मेंदूच्या बाहेर कुठेतरी असतं: फुप्फुसात, रक्तात, पोटात किंवा औषधांच्या कागदावर. मेडिसिन वॉर्डातल्या सत्तरी ओलांडलेल्या पेशंटांपैकी साधारण एक-तृतीयांश जणांना डिलिरियम असतो. त्यातल्या निम्म्यांना तो दाखल होतानाच असतो, उरलेल्यांना आपल्याकडे आल्यावर होतो. म्हणून "पेशंट कन्फ्युज्ड आहे" एवढं लिहून थांबू नका. ते निदान नव्हे, ताप आहे असं लिहिण्यासारखंच एक लक्षण आहे.

जाताना सोबत काय हवं

ग्लुकोमीटर, पल्स ऑक्सिमीटर, थर्मामीटर, बीपीचं यंत्र, टॉर्च. ईसीजी मशीन आणि असेल तर मूत्राशयाचा स्कॅनर जवळ आणून ठेवायला सांगा. कागदांपैकी तीन गोष्टी काढा: गेल्या ७२ तासांचा औषधांचा तक्ता, सिस्टरांच्या नोंदी आणि घरी चालू असलेल्या गोळ्यांची यादी. यादी नसेल तर नातेवाइकांना गोळ्यांची पाकिटंच आणायला सांगा. तोंडी सांगितलेली यादी क्वचितच पूर्ण असते.

१. उठा आणि पेशंटपाशी जा

फोनवर गुंगीचं औषध सांगू नका. तुम्ही पोचेपर्यंत काय करायचं ते मात्र जरूर सांगा: शुगर बघा, ऑक्सिमीटर लावून बघा, कोणीतरी पलंगाजवळ थांबा, पलंग खाली करा.

२. पहिली पाच मिनिटं जिवाची

श्वास, नाडी, बीपी, ताप, ऑक्सिजन, शुगर. शुगर ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर आधी ती सुधारा. भान हरपलेलं असेल तर २५ ग्रॅम ग्लुकोज शिरेतून द्या आणि १५ मिनिटांनी शुगर पुन्हा बघा. पेशंट दारू पिणारा किंवा खूप कुपोषित असेल तर थायमिनही द्या, पण थायमिन मिळेपर्यंत ग्लुकोज अडवून ठेवू नका.

श्वास मिनिटाला ८, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या आणि तक्त्यावर मॉर्फिन असेल तर त्याचा उतारा, नॅलोक्झोन. एक बाजू लुळी, तोंड वाकडं असेल तर पक्षाघाताची घंटा वाजवा आणि हा लेख बाजूला ठेवा.

एक सापळा नीट लक्षात ठेवा. दमेकरी किंवा सीओपीडीचा (फुप्फुसाच्या जुनाट आजाराचा) पेशंट, ऑक्सिजन ९६ टक्के, पण हाक मारली तरी गुंगीत. आकडा छान आहे म्हणून आपण निश्चिंत होतो. ऑक्सिमीटर कार्बन डायऑक्साइड दाखवत नाही. अशा पेशंटची धमनीतल्या रक्ताची तपासणी तिथल्या तिथे करा.

३. "आधी कसे होते?" हे विचारा

सगळ्या मूल्यमापनात याहून मोलाचा प्रश्न नाही, आणि सर्वांत जास्त वेळा राहून जाणारा प्रश्नही हाच. पेशंट म्हातारा आहे म्हणून त्याचा गोंधळ जुना असेल असं आपण मनाशीच ठरवून टाकतो. मग "डिमेन्शिया" असा शेरा पडतो आणि शोध तिथेच थांबतो.

रात्र असली तरी घरच्यांना फोन करा. "विसरभोळे आहेत का?" असं मोघम विचारू नका, उत्तरही मोघमच येईल. असं विचारा: गेल्या आठवड्यात ते एकटे आंघोळ करत होते का? पैशांचा हिशेब कोण बघत होतं? कालपर्यंत तुम्हाला नावाने हाक मारत होते का? आज नेमका कोणत्या वेळेपासून फरक पडला? दिवसातून कमी-जास्त होतंय का?

डिमेन्शिया महिन्या-वर्षांत हळूहळू वाढतो आणि सुरुवातीला त्यात लक्ष बऱ्यापैकी टिकून असतं. डिलिरियम अचानक येतो आणि दिवसभरात वर-खाली होतो. दोन्ही एकत्र असू शकतात. उलट, डिमेन्शिया असलेल्यालाच डिलिरियम होण्याची शक्यता फार मोठी. म्हणून "यांना आधीपासून डिमेन्शिया आहे" या वाक्यानंतर पुढचा प्रश्न यायलाच हवा: आज नवीन काय आहे?

४. लक्ष तपासा, नुसती ओळख नको

नाव, गाव, वार एवढंच विचारून "ओरिएंटेड" लिहिणं ही आपली जुनी सवय. डिलिरियममधले कितीतरी पेशंट नाव बरोबर सांगतात, दवाखाना ओळखतात, हसून "बरं आहे" म्हणतात. आयुष्यभर चारचौघांत वावरलेल्या माणसाचा तो शिष्टाचार असतो, आणि त्याच्याआड गोंधळ बेमालूम लपतो.

चाचणी सोपी आहे. "आजोबा, एक छोटं काम सांगते. डिसेंबरपासून मागे मागे महिने म्हणा बघू." ज्यांना महिने असे येत नाहीत त्यांना वार उलटे म्हणायला किंवा वीसपासून एकपर्यंत उलटे आकडे म्हणायला सांगा. तीन-चारनंतर गाडी अडते का, मध्येच खिडकीकडे बघून तंद्री लागते का, "काय म्हणालात?" असं पुन्हा पुन्हा विचारतात का, हे बघा. आकड्यांइतकंच ते निरीक्षण महत्त्वाचं. आणि त्याआधी चष्मा आणि श्रवणयंत्र लावा. बहिऱ्या माणसाला गोंधळलेला ठरवायला फार वेळ लागत नाही.

गुणांकन हवं असेल तर फोर-एटी (4AT) ही डिलिरियमची छोटी चाचणी वापरा, दोन मिनिटांत होतं. त्यात चार भाग आहेत. जागेपण बिघडलेलं असेल तर ४ गुण. वय, जन्मतारीख, ठिकाण आणि चालू वर्ष विचारून एक चूक झाली तर १, दोन किंवा जास्त झाल्या तर २. उलटे म्हणताना सात किंवा जास्त महिने नीट आले तर ०, सुरुवात करून अडले किंवा नकार दिला तर १, चाचणी करण्याच्या अवस्थेतच नसतील तर २. अचानक झालेला किंवा कमी-जास्त होणारा बदल असेल तर ४. एकूण ४ किंवा जास्त म्हणजे डिलिरियम असण्याची शक्यता. शून्य आलं तरी शेवटच्या भागाची माहिती अपुरी असेल तर डिलिरियम नाही असं म्हणता येत नाही, म्हणून पुन्हा पायरी ३ कडे बघा.

दुसरी पद्धत कॅम, म्हणजे कन्फ्युजन असेसमेंट मेथड. अमेरिकेतल्या डॉक्टर शॅरन इनूये आणि सहकाऱ्यांनी ती १९९० मध्ये मांडली. अचानक सुरुवात व चढ-उतार, आणि लक्ष न टिकणं, या दोन गोष्टी हव्यातच. त्यांच्या जोडीला विस्कळीत विचार किंवा बदललेलं जागेपण, दोनपैकी एक. व्हेंटिलेटरवरच्या, बोलू न शकणाऱ्या पेशंटसाठी आयसीयूची वेगळी आवृत्ती आहे. तीत दहा अक्षरं वाचून दाखवायची आणि ठरलेल्या अक्षराला पेशंटने हात दाबायचा. दोनपेक्षा जास्त चुका म्हणजे लक्ष टिकत नाही.

इथे आणखी एक चकवा आहे. पेशंट भराभर बोलतो आहे, शब्द निरर्थक आहेत, सांगितलेलं कळत नाही, पण जागेपण लख्ख आहे आणि चढ-उतारही नाही. हा वाचाघात असू शकतो, म्हणजे मेंदूच्या डाव्या बाजूचा पक्षाघात. वस्तू दाखवून नावं विचारा, वाक्य तुमच्यामागून म्हणायला सांगा.

५. गप्प पडलेल्या पेशंटकडे जा

आरडाओरडा करणाऱ्यासाठी फोन येतो. भिंतीकडे तोंड करून पडलेल्यासाठी कोणी फोन करत नाही. डिलिरियमचा हा मंद प्रकार म्हाताऱ्या पेशंटांत फार आढळतो. तो सर्वांत जास्त हुकतो आणि त्याचा शेवटही अधिक वाईट होतो.

एका आजीबद्दल आम्ही तीन दिवस "कसलाही त्रास नाही" असं लिहीत होतो. चौथ्या दिवशी त्यांची सून म्हणाली, "डॉक्टर, आमच्या आई इतक्या शांत कधीच नसतात. घरात त्यांचा आवाज सगळ्यात मोठा." त्यांचं सोडियम ११४ होतं.

तेव्हापासून सकाळच्या राउंडला मी एक नियम पाळते. ज्यांच्याबद्दल कुणाचीच तक्रार नाही, जेवणाचं ताट तसंच परत गेलं आहे आणि जे दिवसाही झोपलेले आहेत, त्यांना मुद्दाम बसतं करून उलटे महिने विचारते. "डिप्रेशन वाटतंय, मानसोपचार तज्ज्ञांना दाखवा" असं लिहिण्याआधी एवढं करा. रात्रपाळीच्या सिस्टरांशीही बोला. सकाळी नऊला शहाणासुरता दिसणारा पेशंट रात्री बाराला कसा होता हे त्यांनाच ठाऊक असतं.

६. कारण शोधा. ते बहुधा एकच नसतं

औषधांचा तक्ता आधी. गेल्या तीन दिवसांत काय सुरू झालं, काय वाढलं, काय अचानक बंद झालं? झोपेच्या गोळ्या, अमिट्रिप्टिलिन, ऑक्सिब्युटिनिन, ट्रायहेक्सिफेनिडिल, प्रोमेथाझिन, खाज-सर्दीसाठीची जुनी डायफेनहायड्रामिनसारखी औषधं, ट्रॅमाडॉल, पेथिडीन, स्टिरॉइड. मूत्रपिंड कमकुवत असेल आणि सेफेपिम हे अँटिबायोटिक पूर्ण मात्रेत चालू असेल तर त्याच्यावर आधी संशय घ्या. घरी वर्षानुवर्षं रात्रीची अल्प्राझोलाम घेणाऱ्याची गोळी दाखल करताना लिहायची राहिली, हेही कारण असतं, आणि ते शोधायला पायरी ३ चा फोनच लागतो.

मग डोक्यापासून पायापर्यंत हात लावून तपासा. डोक्यावर टेंगूळ आहे का? मान ताठ? छातीत बुडबुडे? ओटीपोट फुगलेलं? गुदद्वाराची तपासणी टाळू नका, घट्ट साचलेल्या मळानेही म्हातारा माणूस सैरभैर होतो. पाठीवर जखम? सलाईनची जागा लाल? खुब्याचं हाड मोडलेलं तर नाही? हात पुढे धरायला सांगून पंजे फडफडतात का बघा. यकृत, मूत्रपिंड किंवा कार्बन डायऑक्साइडची ती खूण असते. ईसीजी काढाच, कारण म्हातारपणी हार्ट अटॅक छातीत न दुखताही येतो.

रक्तात सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, क्रिएटिनिन, यकृताच्या तपासण्या, रक्तपेशी. सोडियम कमी निघालं तर घाईने वर चढवू नका. २४ तासांत ८ ते १० मिलिमोलच्या वर गेलात तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. ताप असेल तर कल्चर आणि छातीचा एक्स-रे.

लघवीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण इथे अनुभवी लोकही घसरतात. म्हाताऱ्या माणसाच्या लघवीत जंतू सापडणं फार सामान्य आहे, त्याला काहीही त्रास नसला तरी. गोंधळलेल्या पेशंटची लघवी तपासली, जंतू निघाले, अँटिबायोटिक सुरू केलं आणि सगळे निवांत झाले, असं सर्रास घडतं. दरम्यान खरं कारण तसंच राहतं. अमेरिकेतल्या संसर्गरोग तज्ज्ञांच्या संस्थेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना हेच सांगतात: ताप नाही, बीपी नीट आहे, लघवीला जळजळ किंवा कंबरेत दुखणं नाही, तर अँटिबायोटिक देण्याऐवजी दुसरी कारणं शोधा आणि पेशंटवर बारीक लक्ष ठेवा.

सीटी स्कॅन प्रत्येकाला लागत नाही. पडल्याचा इतिहास, रक्त पातळ करणारं औषध, एका बाजूची कमजोरी, झपाट्याने उतरणारं भान, किंवा सगळं शोधूनही कारण न सापडणं, यांपैकी काही असेल तर करा. ताप आणि गोंधळ आहे पण संसर्गाची जागा सापडत नाही, तर पाठीतलं पाणी तपासण्याचा विचार वेळेत व्हावा. पापण्या किंवा ओठ बारीक फडफडत असतील, भान कारणाशिवाय येत-जात असेल, तर ईईजी. झटके बाहेर न दिसताही चालू असतात.

७. तिसऱ्या दिवशीचा थरथराट

हाड मोडून आलेला पन्नाशीचा माणूस, ऑपरेशन छान झालं, आणि तिसऱ्या दिवशी घाम, थरथर, नाडी १३०, अंगावर किडे चढल्याचा भास. शेवटचा घोट घेतल्यापासून ४८ ते ९६ तासांत दारू सुटल्याचा तीव्र डिलिरियम येतो. झटके त्याआधीच, साधारण ६ ते ४८ तासांत, येऊ शकतात. दाखल करताना दारूबद्दल एकांतात विचारा. सगळ्या नातेवाइकांसमोर खरं उत्तर मिळत नाही.

डायझेपाम, लोराझेपाम ही औषधं इथे खरोखर उपचार आहेत. डोळे नीट फिरत नसतील, तोल जात असेल किंवा नुसता संशय असला तरी थायमिन ५०० मिलिग्रॅम शिरेतून दिवसातून तीनदा.

८. औषधाशिवायचे उपचार आधी, आणि मनापासून

कारणावर इलाज चालू असताना पेशंटला सावरून धरायचं असतं. हे काम किरकोळ समजून सिस्टरांवर ढकललं जातं, पण ते ऑर्डरमध्ये लिहिलं नाही तर होत नाही.

१९९९ मध्ये इनूये यांच्याच गटाने सत्तरी ओलांडलेल्या ८५२ पेशंटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वेळ-ठिकाणाची आठवण करून देणं, झोप, चालणं, चष्मा, श्रवणयंत्र, पाणी, एवढ्यावर नेमाने लक्ष दिलं तर डिलिरियमचं प्रमाण १५ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आलं. मात्र एकदा डिलिरियम झाल्यावर त्याची तीव्रता त्याने फारशी घटली नाही. म्हणून या गोष्टी दाखल केल्याच्या पहिल्या दिवशी लिहा, गोंधळ झाल्यावर नव्हे.

माझ्या ऑर्डर साधारण अशा असतात: चष्मा आणि श्रवणयंत्र दिवसभर लावणे. दिवसा पडदे उघडे, खुर्चीत बसवून जेवण, आधार देऊन दोन-तीन वेळा चालवणे. रात्री दिवे मंद, पेशंट स्थिर असेल तर मध्यरात्रीचं बीपी आणि पहाटे चारचं रक्त रद्द. कॅथेटर आज निघू शकतो का? सलाईनऐवजी गोळी चालेल का? दुखण्यासाठी पॅरासिटामॉल ठरलेल्या वेळी, कारण न सांगता येणारी वेदनाही डिलिरियम वाढवते. ओपिऑइड (मॉर्फिनसारखी औषधं) नकोत म्हणून वेदनेकडे दुर्लक्ष करू नका.

हात-पाय बांधू नका. बांधलेला माणूस जास्त घाबरतो, जास्त झगडतो आणि त्याला इजाही होतात. सलाईनची जागा बाहीखाली झाका, पलंग खाली करा, ओळखीचं माणूस जवळ बसवा.

९. औषध द्यावंच लागलं तर

पेशंटच्या किंवा इतरांच्या जिवाला धोका आहे, किंवा भीतीने तो पार पिळवटून निघाला आहे आणि समजावून उपयोग होत नाही, तेव्हाच. औषधाने डिलिरियम बरा होत नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीयूमधल्या ५६६ पेशंटांच्या चाचणीत हॅलोपेरिडॉल किंवा झिप्रासिडोन देऊन डिलिरियमचे दिवस कमी झाले नाहीत.

म्हाताऱ्या पेशंटला हॅलोपेरिडॉल ०.२५ ते ०.५ मिलिग्रॅमने सुरुवात, शक्यतो तोंडाने. आधी ईसीजीत क्यूटी (हे अंतर या औषधाने लांबतं) बघा, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम सुधारा. पार्किन्सन किंवा लेवी बॉडी डिमेन्शिया असेल तर हॅलोपेरिडॉल अजिबात नको, अंग लाकडासारखं आखडतं. अशा वेळी क्वेटियापिन १२.५ मिलिग्रॅमसारख्या लहान मात्रेत, सिनियरना विचारून. दारू किंवा झोपेच्या गोळ्या सुटल्यामुळे झालेला डिलिरियम सोडला तर लोराझेपामच्या गटातली औषधं टाळा. आणि लिहितानाच थांबवण्याची तारीख लिहा. दोन रात्रींसाठी सुरू केलेली गोळी डिस्चार्जच्या कागदावरून घरी जाते आणि वर्षभर चालू राहते.

१०. घरच्यांशी बोला, नंतर पेशंटशीही

"वेड लागलं का हो यांना?" हा प्रश्न येणारच. मी सांगते, "नाही. आजाराचा ताण मेंदूवर आला आहे. कारण सापडलं की बहुतेकांचं सुधारतं, पण एका दिवसात नाही. काहींना आठवडे लागतात, आणि काही जण पूर्ण पहिल्यासारखे होत नाहीत." शेवटचं वाक्य गाळू नका.

काय करायचं ते सांगितलं की नातेवाइकांना धीर येतो. छोटी वाक्यं बोला, हात हातात घ्या, एका वेळी एकानेच बोला. भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणाले तर वाद घालू नका आणि होकारही देऊ नका. "मला दिसत नाहीत, पण तुम्हाला भीती वाटतेय हे कळतंय. मी इथेच आहे."

बऱ्या झालेल्या पेशंटांना त्या रात्री तुकड्यातुकड्यांनी आठवतात. आपण मुलीला शिव्या दिल्या, सिस्टरांना मारलं, याची लाज त्यांना कुरतडत राहते आणि ते विचारत नाहीत. जाऊन बसा आणि काय झालं होतं ते तुम्हीच सांगा.

संमतीच्या सहीबद्दल: गोंधळाच्या भरात घेतलेली सही ही संमती नव्हे. थांबता येण्यासारखं असेल तर भान स्वच्छ असेल त्या वेळी विचारा.

११. कागदावर काय राहिलं पाहिजे

फाईलमध्ये "डिलिरियम" हा शब्द, सुरू झाल्याची वेळ, आधीची स्थिती कोणी सांगितली, गुण किती, सापडलेली कारणं. रोज पुन्हा तपासून नवे गुण. डिस्चार्ज कार्डावर ज्या औषधाने बिघडलं त्याचं नाव ठळक लिहा, पुढच्या ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांना ते दाखवायला सांगा. तीन महिन्यांच्या आसपास स्मरणशक्तीची तपासणी ठेवा, कारण डिलिरियम होऊन गेलेल्यांत पुढे डिमेन्शियाचं प्रमाण जास्त असतं. आणि कार्डाच्या तळाशी नातेवाइकांसाठी एक ओळ: पुन्हा दाखल व्हायची वेळ आली तर चष्मा, श्रवणयंत्र आणि गोळ्यांची पाकिटं घेऊन या, आणि "मागच्या वेळी भ्रम झाला होता" हे पहिल्या भेटणाऱ्या डॉक्टरांना सांगा.